मदत हवी आहे: कुणीच बाद होणार नाही असे वर्गातले खेळ

नमस्कार मंडळी,

जिल्हा परिषदेच्या शाळेत माझ्याकडे पाचवीचा वर्ग आहे. आमचा पट्टा उसाचा. दिवाळीच्या आसपास कारखान्याचं गाळप सुरू झालं की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, गावाबाहेर त्यांच्या कोप्या (झोपड्या) पडतात आणि स्थलांतर करताना आधीच्या शाळेने दिलेलं शिक्षण हमी कार्ड घेऊन (बऱ्याचदा न घेताच) काही नवी मुलं वर्गात येऊन बसतात. मार्च-एप्रिलपर्यंत परत जातात. म्हणजे ओळख व्हायला मुळातच वेळ थोडा. त्यात यंदा वर्गातली एक मुलगी श्रवणयंत्र लावते, एका मुलाच्या पायात कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) आहे, आणि नव्यांपैकी दोघं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात. पोरं वाईट नाहीत हो, पण खिचडीच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसत नाही ते रोज दिसतं.

परिपाठानंतर दहा-पंधरा मिनिटं खेळ घ्यायचे ठरवलंय. अडचण अशी की आपल्याला येणारे निम्मे खेळ बाद करण्यावरच चालतात. संगीत खुर्चीत सगळ्यांत बुजरं पोर पहिल्या फेरीत बाहेर, मग उरलेला वेळ भिंतीला टेकून बघत बसायचं. 'शिवाजी म्हणतो' ऐकण्यावर चालतो. 'मामाचं पत्र' पळण्यावर. आणि ओळखीचे ते ठरलेले प्रश्न, पूर्ण नाव सांग, वडील काय करतात, सुट्टीत कुठे गेला होतास, हे तर मी घेणारच नाही. आडनावावरून जात आणि वडिलांच्या कामावरून कोपी, दोन्ही एका दमात सगळ्या वर्गाला कळतं.

मला विषामृत आवडतं. त्यात विष मिळालेलं मूल बाहेर जात नाही, दुसरं कुणीतरी येऊन अमृत देतं. पण तो मैदानी, पळापळीचा खेळ. वर्गात, सगळ्यांना जमेल असा कसा घ्यावा? साहित्य विकत आणावं लागू नये. खडू, रुमाल, चिंचोके आहेत. विशेष शिक्षक येतात, पण त्यांच्याकडे बऱ्याच शाळा.

प्रतिसाद

ताई, विषामृत पळण्याऐवजी एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं जोडून चालत घ्या. सगळ्यांनीच. कॅलिपरवाल्याला जमेल ती चाल आधी त्यालाच विचारा आणि तीच वर्गाची चाल करा. त्याच्यासाठी वेगळी सवलत ठेवली की तो 'लिंबू-टिंबू' झालाच म्हणून समजा.

'शिवाजी म्हणतो'मध्ये दोन गोल करा. चुकलं की बाहेर नाही, दुसऱ्या गोलात जायचं आणि तिथे खेळत राहायचं. तिथे चुकलं की परत पहिल्यात. पोरं मुद्दाम चुकतात, मित्र बदलायला मिळतात म्हणून!

प्रतिसाद

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत होते. श्रवणयंत्र नुसता बोलणाऱ्याचा आवाज वाढवत नाही, गोंगाटही वाढवतं. पत्र्याच्या छपराखाली चाळीस पोरांच्या टाळ्या म्हणजे तिला शिक्षा. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका, चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत.

ओळखीसाठी खुणेचं नाव द्या. कर्णबधिर माणसं एकमेकांना अशी नावं ठेवतातच. प्रत्येकाने नुसतं पहिलं नाव सांगायचं आणि सोबत स्वतःची एक खूण करायची, वेणी, पतंग, काहीही. सगळा वर्ग ती खूण परत करतो. पुढच्या फेरीत आवाज बंद, फक्त खुणा. खूण ज्याची त्याने निवडावी, नाहीतर पोरं कॅलिपरचीच खूण ठेवतील.

प्रतिसाद

'ज्यांनी उसाच्या गाडीवर बसून प्रवास केलाय त्यांनी जागा बदला' असं घेतलं तर नव्या मुलांना भाव मिळेल की.

प्रतिसाद

वरच्या सूचनेला माझा विरोध. मी स्वतः कोपीवर राहून शिकलोय. कौतुकाने बोट दाखवलं तरी ते बोटच असतं. तिखट आवडतं का, अंधाराची भीती वाटते का, पाठीवर झोपता की कुशीवर, असलं विचारा. त्यात कोण कुठला हे कळत नाही आणि हसू येतं. आणि गोरमाटीत एक ते दहा म्हणायला शिकवायचं असेल तर आधी त्या दोघांना बाजूला घेऊन विचारा. नको म्हणाले तर विषय संपला.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. खुणेची नावं आणि दोन गोल या आठवड्यात घेते. जागा बदलण्याऐवजी चिंचोका शेजाऱ्याला द्यायचा असं केलं तर उठबसही टळेल, असं वाटतंय. एक राहिलंच: हंगामाच्या मध्येच टोळी दुसऱ्या गावाला हलते आणि मूल न सांगता जातं. अशा वेळी बाकीच्या वर्गाशी तुम्ही काय बोलता?