मदत हवी आहे : शतपत्रांतील अवतरणे शोधनिबंधात कशी द्यावीत?

नमस्कार. मी नाशिकमध्ये राहून मराठी विषयात पीएच.डी.चे संशोधन करीत असून लोकहितवादींच्या शिक्षणविषयक विचारांवरील शोधनिबंध एका नियतकालिकाकडे पाठवायचा आहे. त्यांनी संदर्भ देण्याच्या ए.पी.ए. (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीच्या पुस्तिकेची सातवी आवृत्ती बंधनकारक केली आहे. परंतु ती पुस्तिका इंग्रजी मजकूर समोर ठेवून लिहिलेली असल्यामुळे काही ठिकाणी अडले आहे.

लोकहितवादींची ‘शतपत्रे’ ही पत्ररूप लेखमाला १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली, पण माझ्या हाती आहे तो सार्वजनिक वाचनालयातून आणलेला पुढील काळातील संग्रह. अशा वेळी कोणते वर्ष द्यावे? दुसरे म्हणजे, संग्रहात ‘नाहीं’, ‘तें’, ‘कीं’ असे लेखन आहे, आणि माझे मार्गदर्शक सर ते आजच्या नियमांप्रमाणे करून घ्या, असे सांगतात. ते योग्य ठरेल का?

प्रतिसाद १
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण चूक झाली तर तिथेच महागात पडेल. अनुस्वार मुळीच काढू नयेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे आहेत. त्यांच्या आधारे एकोणिसाव्या शतकातील मजकूर दुरुस्त केला, तर अवतरणचिन्हांच्या आत लोकहितवादींचे नव्हे, तुमचे लेखन राहील. ‘अवतरणांतील लेखन संग्रहाप्रमाणे ठेवले आहे’ अशी एकच टीप पहिल्या अवतरणापाशी द्यावी. प्रत्येक ‘नाहीं’पुढे ‘मूळ प्रमाणे’ असा कंस घातल्यास वाचक कंटाळेल. मात्र उघड मुद्रणदोष असेल तिथे तो कंस अवश्य हवा, आणि तोही चौकोनी. वाक्य मधून गाळल्यास तीन टिंबे द्यावीत. सरांना हे सांगताना पुस्तिकेचाच आधार द्या, म्हणजे वाद वाढणार नाही.

वर्षाबाबत : पुनर्मुद्रित मजकुरासाठी दोन्ही वर्षे तिरप्या रेघेने जोडून द्यायची असतात, आधी मूळ प्रकाशनाचे, मग तुमच्या हातातील संग्रहाचे. ‘उद्धृत’ हा शब्द तेव्हाच वापरावा, जेव्हा एखाद्या समीक्षकाच्या ग्रंथात आलेले अवतरण तुम्ही तिथूनच उचलता. पृष्ठक्रमांकाबरोबर पत्राचा क्रमांकही द्यावा, कारण वेगळा संग्रह वापरणाऱ्याला तुमचे पृष्ठ उपयोगाचे नाही.

प्रतिसाद २
लांबीचा मुद्दा राहिला. ४० किंवा अधिक शब्दांचे अवतरण अवतरणचिन्हांशिवाय, डावीकडून अर्धा इंच आत सरकवून स्वतंत्र परिच्छेदात द्यायचे असते, आणि संदर्भाचा कंस पूर्णविरामानंतर येतो. लहान अवतरणात तो पूर्णविरामाआधी असतो. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडले जात असल्याने ४० शब्दांत इंग्रजीपेक्षा बराच मजकूर मावतो, तरी मोजणी संगणक दाखवील तीच धरावी. संपादकही तीच पाहतात.

ज्ञानेश्वरीचा आधार घेणार असाल, तर पृष्ठाऐवजी अध्याय आणि ओवीचा क्रमांक द्या. ओव्यांची संख्या प्रतीनुसार बदलते, म्हणून कोणती प्रत वापरली हे संदर्भसूचीत नोंदवणे टाळता येणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. संग्रहातील पत्रात लोकहितवादींनी दुसऱ्याचे बोलणे दिले असेल, तर आतील चिन्हे कोणती?

प्रतिसाद २
लहान अवतरणात आतली चिन्हे एकेरी, बाहेरची दुहेरी. स्वतंत्र परिच्छेदात बाहेर चिन्हे नसतातच, त्यामुळे आतली दुहेरी.