लढायांची नाणी खिशात हवीत की डबीत?

नवीपेठकर: १८५७च्या उठावाला १५० वर्षं झाली म्हणून सरकारनं ५चं नाणं काढलं आणि १००चंही. १००चं म्हणजे ३५ ग्रॅम, निम्मी चांदी, टांकसाळीकडं आधी पैसे भरायचे मग मिळायचं. छातीवर पहिली गोळी झेलणारे शिपाई काय पैसेवाले होते? लढाईचं नाणं काढायचं तर फक्त चलनात काढा. १९६५च्या युद्धाचं ५चं निघालं तसं.

जुनंनाणं: चलनात घालून काय साधतं? २०१५ चं ते ५चं माझ्याकडं आहे, दुकानातून सुट्ट्यात आलेलं. अमर जवानाची रायफल घासून सपाट झालीय. डबीतलं निदान दिसतं तरी.

किल्लावेस: घासू दे की! रशियानं २००० साली लेनिनग्राड, स्टालिनग्राड धरून ७ शहरांची २ रूबलची साधी नाणी चलनात सोडली.

जुनंनाणं: लेनिनग्राडच्या वेढ्यात १९४१च्या हिवाळ्यात कित्येकांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, त्यातही भेसळ. त्याच्या नावाचं नाणं देऊन पाव विकत घ्यायचा, हे मला तरी कसंतरीच वाटतं.

तळ्याकाठी: दोघंही सजावटीवर भांडताय. वेढ्याचं खरं नाणं वेढ्यातच पडतं. इंग्लंडात न्यूअर्कला १६४५-४६मध्ये शिपायांचा पगार द्यायला चांदीची ताटं कापून पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची नाणी पाडली. काहींवर ताटाची जुनी नक्षी अजून दिसते. नंतरची सगळी जिंकणाऱ्यांची हौस. आपल्या सोलापूरच्या भुईकोटाला मे १८१८मध्ये इंग्रजांच्या मन्रोनं वेढा घातला, किल्ला पडला. काढणार का कुणी त्याचं नाणं?

नवीपेठकर: हरलेल्याचंच काढावं खरं तर! आणि सोलापुरातला १९३०चा मार्शल लॉ? त्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचं ५चं नाणं का नको?

जुनंनाणं: ती लढाई नव्हे, तो लोकांचा उठाव. विषय सोडू नका. शिवाय २३ मिलिमीटरात चार चेहरे? धनशेट्टी कोण आणि सारडा कोण, भिंग लावूनही कळायचं नाही.

किल्लावेस: चेहरे कशाला? मल्लप्पा, जगन्नाथ, कुर्बान, किसन आणि १२ जानेवारी १९३१. एवढं मावतं. फक्त १०चं काढू नका ओ, आपलेच टपरीवाले घेत नाहीत.