मदत हवी आहे: लहान लीगमधल्या मॅनेजरची पद्धत प्रीमियर लीगमध्ये चालेल का, हे कसं ओळखायचं?

प्रश्न: एरेडिव्हिजी, म्हणजे नेदरलँड्सच्या फुटबॉल लीगमधल्या एका मॅनेजरचा अभ्यास करतोय. पझेशन (बॉल किती वेळ ताब्यात), पीपीडीए (प्रेसिंग किती जोरात, त्याचा आकडा), एक्सजी फरक (संधींवरून काढलेल्या अपेक्षित गोलांतला फरक), सगळ्यात त्याचा संघ अव्वल. हीच पद्धत प्रीमियर लीगमध्ये टिकेल का, हे आधीच ताडायला नेमकं काय पाहावं?

प्रतिसाद १: सीझनची सरासरी आधी बाजूला ठेवा, तिच्यात तळाच्या संघांविरुद्धचे सामने भरलेले असतात. पहिल्या तीन-चार संघांशी झालेले आणि युरोपीय स्पर्धांतले सामने वेगळे काढा. दोन सीझन धरले तर पुरेसे मिळतात. त्यातही स्कोअर बरोबरीत असतानाचाच खेळ मोजा. आघाडी मिळाली की संघ मागे सरकतात आणि आकडे फसवतात.

पीपीडीएवर फार विसंबू नका. एका बचावात्मक कृतीमागे समोरच्याला किती पास खेळू दिले एवढंच तो सांगतो. प्रेस, म्हणजे बॉल हिसकावण्यासाठी पुढे जाऊन टाकलेला दबाव, फुटल्यावर काय झालं, खरी मेख तिथे आहे. व्हिडिओ लावा आणि समोरच्याने पहिली फळी पार केली त्या क्षणी थांबवा. बॉलच्या मागे किती जण उरलेत? पास देणाऱ्यावर कुणी धावून जातंय का? तो मोकळा आहे आणि बचावफळी तरीही मध्यरेषेपाशीच, अशी फ्रेम वारंवार दिसली तर धोका आहे. लहान लीगमध्ये तो पुढचा पास चुकतो किंवा उशिरा येतो, म्हणून गोल होत नाही. वरच्या लीगमध्ये तो धावणाऱ्याच्या पायात पडतो.

प्रतिसाद २: याला खेळाडूंच्या दर्जाची जोड द्या. मॅनेजर कोम्पनीच्या बर्नलीने २०२२-२३ मध्ये चॅम्पियनशिप, म्हणजे इंग्लंडची दुसऱ्या स्तराची लीग, १०१ गुणांनी जिंकली. पुढच्या सीझनला प्रीमियर लीगमध्ये २४ गुण आणि परत खाली. त्याच कोम्पनीने २०२४-२५ मध्ये बायर्नला जर्मनीची लीग बुंडेसलिगा जिंकून दिली. त्यामुळे ‘चालेल का’ एवढंच विचारून भागत नाही, कोणत्या संघाकडून चालेल ते विचारा.

प्रश्नकर्ता: पण मॅनेजर गरजेप्रमाणे बदलेल का, हे कसं कळणार?

प्रतिसाद १: हरलेल्या सामन्यांतून. मध्यंतराला आणि साठाव्या मिनिटाच्या आसपास त्याने नुसती माणसं बदलली की रचनाही, ते टिपा. नोव्हेंबर २०२३ मध्ये चेल्सीविरुद्ध नऊ जण उरले तरी मॅनेजर पोस्टेकोग्लूच्या टॉटनहॅमने बचावफळी वरच ठेवली आणि सामना ४-१ ने गेला. उलट एरेडिव्हिजीतूनच आलेल्या स्लॉटने लिव्हरपूलमध्ये बॉल जास्त शांतपणे फिरवला, वेग जपून वापरला आणि पहिल्याच सीझनला, २०२४-२५ मध्ये, लीग जिंकली. गोलकिकही पाहा: समोरचे माणसामागे माणूस लावून उभे राहिले की त्याच्याकडे लांब बॉलचा सराव केलेला पर्याय आहे, की गोलकीपर नाइलाजाने उडवतो?