फॉर्ममधल्या रकान्याचा उद्देश नेमका कुठे सांगायचा?

रिकामा_रकाना:
नोंदणीच्या फॉर्ममध्ये ईमेल, फोन, पोस्टल कोड, पासवर्ड आणि सहा अंकी ओटीपी आहे. फोन, कोड, ओटीपी तिन्हींना एचटीएमएलमध्ये (वेबपानाची रचना लिहायच्या भाषेत) टाइप 'नंबर' दिलाय. कोडच्या सुरुवातीचं शून्य गळतं, नव्या पासवर्डच्या जागी ब्राउझर जुनाच भरतो, आणि सुगम्यता तपासणीत (दिव्यांगांनाही पान वापरता येतं का, ते बघताना) निकष १.३.५ चा शेरा आलाय. लेबलं सगळ्यांना आहेत. मग राहिलं काय?

कंस_महर्षी:
तीन कामं एकट्या टाइपच्या गळ्यात घातली आहेत. टाइप सांगतो मूल्य कुठल्या जातीचं, इनपुटमोड सांगतो कीबोर्ड कुठला उघडायचा, ऑटोकम्प्लीट सांगतो ही माहिती कोणती. ज्याची बेरीज-वजाबाकी होते त्यालाच 'नंबर' द्या. कोड आणि ओटीपीला टाइप 'टेक्स्ट', इनपुटमोड 'न्यूमेरिक'. फोनला टाइप 'टेल'. (प्रोग्रॅममध्ये हे शब्द अर्थातच रोमन लिपीत.)

'नंबर'मध्ये 'ई' हे अक्षर चालतं, कारण १ई५ म्हणजे एक लाख. कुणी चुकून '१२ई' टाइप केलं तर स्क्रिप्टला मूल्य कोरं मिळतं. समोर भरलेला रकाना आणि खाली 'हा रकाना भरा' असा संदेश! शून्य मात्र एचटीएमएल खात नाही, तिथे मूल्य स्ट्रिंगच (अक्षरांची माळ) असतं. ते स्क्रिप्टमध्ये संख्या करताना किंवा डेटाबेसच्या इंटीजर (पूर्णांक) कॉलममध्ये गळतं. कॉलमही टेक्स्ट करा, नाहीतर टाइप बदलून काही उपयोग नाही.

टॅब_टू_टॅब:
१.३.५ बद्दल: लेबल माणसासाठी, हा निकष यंत्राला कळण्यासाठी. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेब सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं, त्यांच्या २.१ आवृत्तीत (२०१८) तो डबल ए या मधल्या पातळीवर आला. वेबवर तो ऑटोकम्प्लीटने पूर्ण होतो: 'ईमेल', 'टेल', 'पोस्टल-कोड' वगैरे ठरलेले शब्द, मनाचे चालत नाहीत. आणि निकष फक्त भरणाऱ्याच्या स्वतःच्या माहितीला लागू. नातेवाइकाच्या फोनला नुसतं 'टेल' दिलंत तर तिथे भरणाऱ्याचाच नंबर जाऊन बसेल.

नवा पासवर्ड आणि तो पुन्हा लिहायचा रकाना, दोन्हींना 'न्यू-पासवर्ड', लॉगिनला 'करंट-पासवर्ड'. 'ऑफ' लिहून सुटका नाही, पासवर्डच्या बाबतीत ब्राउझर ते बहुधा जुमानत नाहीत.

अंकगणित:
ओटीपीचे सहा वेगळे चौकोन असतील तर आधी ते काढा. प्रत्येकाला एका अक्षराची मर्यादा असते, त्यामुळे पेस्ट केलं की पहिला अंक राहतो, बाकी पाच गायब. एकच रकाना, 'वन-टाइम-कोड', आणि चौकोन हवेच असतील तर सीएसएसमधून (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतून) अक्षरांतर वाढवा.

इनपुटमोड तपासणी करत नाही, ती वेगळी लिहावी लागते. तिथे रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्रातला) '\d' जावास्क्रिप्टमध्ये फक्त 0 ते 9 हे इंग्रजी अंक ओळखतो. देवनागरी अंक टाइप झाले तर नाकारण्याऐवजी सर्व्हरवर बदलून घ्या. आणि ऋण संख्या लागणार असेल तर 'न्यूमेरिक' नको, आयफोनच्या त्या कीपॅडवर वजाचं चिन्हच नाही.

रिकामा_रकाना:
बाकी जमलं. पण 'टेल' दिल्यावर आपोआप भरलेल्या नंबरचे शेवटचे आकडे तुटतात.

टॅब_टू_टॅब:
मॅक्सलेंग्थ (अक्षरांची कमाल मर्यादा) लावली असणार. 'टेल' म्हणजे देशाच्या कोडासकट पूर्ण नंबर. देशाचा कोड वेगळा घेत असाल तर 'टेल-नॅशनल' द्या, नाहीतर मर्यादा काढून सर्व्हरवर तपासा.