मार्किंगच्या लेसरने सील फेसवर खड्डे पाडायचेत, कुणी केलंय का?

भोसरीचा_जॉबवर्कवाला:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २० वॅटचं फायबर लेसर मार्किंग मशीन आहे, नेमप्लेटा नि बारकोड मारतो, निम्मा दिवस रिकामंच असतं. परवा एक गिऱ्हाईक पंपाच्या मेकॅनिकल सीलची (शाफ्टपाशी गळू नये म्हणून एकमेकींवर घासणाऱ्या दोन रिंगा) सिलिकॉन कार्बाइड रिंग घेऊन आलं, म्हणे समोरची कार्बनची रिंग लवकर झिजतेय, याच्यावर बारीक बारीक खड्डे पाडून द्या म्हणजे घर्षण कमी होईल. आता आख्खी हयात फेस, म्हणजे रिंगची घासणारी बाजू, आरशासारखा लॅप करण्यात (पेस्टवर घासून सपाट करण्यात) गेली आणि हा म्हणतो खड्डे पाडा! एका भंगार रिंगवर ट्रायल मारली तर बोटाला पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतंय. किती मोठे, किती खोल पाडायचे असतात?

ट्रायबो_पोरगा:
दादा, गिऱ्हाईक थापा मारत नाहीये. इस्रायलच्या टेक्नियनमधल्या इझाक एट्सियन यांनी १९९० च्या दशकात हे काम मेकॅनिकल सीलवरच केलं, पिस्टन रिंगा नंतर आल्या. फेस फिरतो तेव्हा खड्ड्यातला द्रव पुढच्या कडेला अरुंद फटीत कोंबला जातो, तिथं दाब वाढतो. मागच्या बाजूला दाब कमी होतो हे खरं, पण तिथं बुडबुडे होतात आणि तो एका मर्यादेच्या खाली जातच नाही, त्यामुळे बेरीज उचलण्याच्या बाजूने उरते आणि फेस एकमेकांपासून किंचित सुटतात. व्यास १०० मायक्रॉनच्या आसपास, खोली ५ ते १०. मध्यापासून मध्यापर्यंत २०० मायक्रॉन धरलं की साधारण २० टक्के जागा खड्ड्यांची होते. आणि खोल पाडले म्हणजे जास्त फायदा असं अजिबात नाही, फार खोल गेलात तर दाब तयारच होत नाही.

सीलवाले_काका:
पोराचं गणित बरोबर आहे पण तुझ्या बोटाला जे खरखरीत लागलं ना, खरं दुखणं तेच. मार्किंगच्या लेसरचा पल्स लांब, उडालेला माल खड्ड्याच्या कडेला ओठासारखा चिकटतो. सील फेस आपण दोन-तीन लाइट बँडमध्ये (सपाटी तपासताना दिसणारे प्रकाशाचे पट्टे) सपाट ठेवतो, हेलियम लाइटची एक बँड ०.२९ मायक्रॉन, म्हणजे सगळी सपाटी १ मायक्रॉनच्या आत, आणि तिथं तू २ मायक्रॉनचे ओठ ठेवलेस तर ती रिंग राहिली नाही, कानस झाली, कार्बन आठवड्यात खाईल. लेसरनंतर डायमंड पेस्टवर परत लॅप करायचंच. त्यात खोलीही जाते, म्हणून आधी जास्त खोल पाड आणि माप लॅपिंगनंतर घे.
आणि खड्डे पूर्ण रुंदीत नकोत. दाब बाहेरून असेल तर बाहेरच्या बाजूला पाड, आतली पट्टी कोरी सोड, नाहीतर गळायला लागेल. कार्बनला हात लावू नको.
पण त्याच्याही आधी जुना कार्बन आणि ओ-रिंग मागवून बघ.

स्क्रेपर_हाती:
लेसर नवा असेल, गोष्ट जुनीच. लेथच्या बेडला ब्लू लावून स्क्रेपिंग (निळा रंग लावून उंच जागा खरवडणं) का करायचो? पॉइंटांच्या मधल्या खळग्यात तेल राहतं म्हणून. दोन अगदी गुळगुळीत फेस एकमेकांवर ठेवले तर स्लिप गेजसारखे (मापाचे गुळगुळीत ठोकळे) चिकटून बसतात. इंजिनच्या लायनरला (पिस्टन ज्यात चालतो ती नळी) होनिंगच्या, म्हणजे आतून दगडाने घासल्याच्या, तिरक्या रेघा असतात त्या पण त्यासाठीच, आमच्याकडे एका हुशाराने लायनर चकाचक पॉलिश करून बसवला होता, रिंगा जाम होऊन परत आला. चकाचक!

ट्रायबो_पोरगा:
बरोबर काका. झिजलेले कणही त्या खड्ड्यात पडून राहतात, फेसवर ओरखडे मारत फिरत नाहीत. फक्त कुणी हे वाचून बॉल बेअरिंगवर नि गिअरच्या दातांवर खड्डे पाडायला घेऊ नका, तिथं टेकण्याची जागाच एवढीशी असते की खड्डा फायद्यापेक्षा नुकसान जास्त करतो.

भोसरीचा_जॉबवर्कवाला:
अपडेट. भंगार रिंग लॅप केली, ओठ गेले, हाताला एकदम गुळगुळीत लागतंय, पण ९ मायक्रॉन पाडले होते त्यातले ५ च उरले. आणि जुना सेट आला. कार्बनवर खोल चऱ्या पडल्यात आणि ओ-रिंग कडक होऊन तडकलीय.

सीलवाले_काका:
मग पंप कोरडा चालतोय रे बाबा. फेसमध्ये पाणीच नसेल तर खड्डे काय उचलणार? आधी त्याला फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाचा, पाणी परत जाऊ न देणारा) आणि टाकीची लेव्हल बघायला सांग, रिंग नंतर कर.

भोसरीचा_जॉबवर्कवाला:
सांगितलं. म्हणतो, "फूट व्हॉल्व्ह बदलायचाच होता, पण म्हटलं लेसरनेच भागेल."