लंडन ते पॅरिस विमानाने: खरा वेळ किती लागतो? अनुभव सांगा

उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून लंडनला येतायत, मधले काही दिवस पॅरिसला जायचं ठरतंय. सरळ रेषेत अंतर जेमतेम ३४५ किमी, विमानाच्या तिकिटावर सव्वा तास. पण आईचे गुडघे दुखतात, म्हणून मला आमच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचा हिशोब हवाय. ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर लिहा.

हाउन्स्लोहून
आम्ही हीथ्रोच्या उशाला राहतो, तरी सकाळी सहाला निघून हॉटेलवर टेकेपर्यंत तिथला दुपारचा एक वाजला. पॅरिसचं घड्याळ तासभर पुढे, म्हणजे सहा तास धरा. प्रत्यक्ष हवेत पाऊण तास! बाकी सगळा वेळ दोन तास आधी पोचण्यात, धावपट्टीपाशी नंबर लागण्यात आणि शार्ल द गोलच्या पासपोर्टच्या रांगेत गेला. तिथून शहर २५ किमी. आरईआर बी लोकलने गार द्यू नॉर स्टेशनला साधारण अर्धा तास लागतो. सासूबाईंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागितली होती. ती नसती तर टर्मिनलमधलं चालणं त्यांना झेपलं नसतं. तुम्हीही आधीच सांगून ठेवा.

क्रॉयडनहून
गुडघ्यांचा प्रश्न आहे तर ट्रेनच. सेंट पँक्रसहून युरोस्टार सुमारे २ तास २० मिनिटांत गार द्यू नॉरला, म्हणजे थेट शहरात. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनलाच होते, त्यामुळे उतरलं की सरळ बाहेर. द्रवपदार्थांचा १०० मिलीचा नियमही नाही. आईचा काढ्याचा थर्मॉस भरलेला तसाच नेला, डब्यातल्या टेबलावर ठेवून ती आरामात घोट घोट घेत होती. मात्र तास-सव्वा तास आधी पोचा.

स्लाउहून
वेळा वाचताना घोटाळा नको. दोन्हीकडच्या वेळा स्थानिक असतात. दहाचं विमान सव्वाअकराला नाही, सव्वाबाराला पोचतं. आणि येताना बाराला निघून सव्वाबाराला लंडनमध्ये! घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर हे आधी मांडून ठेवा.

हॅरोहून
आमच्या बाबांची सगळी नोकरी माझगाव गोदीत गेली. त्यांना इंग्लिश खाडी डोळ्यांनी बघायची होती, आणि ट्रेनमधून ती दिसत नाही. बोगदा ५० किमीचा, त्यातले ३८ किमी समुद्राखाली, वीसेक मिनिटं नुसता काळोख. म्हणून जाताना मुद्दाम विमान घेतलं, खिडकीची जागा पैसे देऊन. आकाश निरभ्र होतं. पांढरे कडे मागे पडले आणि खाली जहाजं दिसू लागली, तेव्हा कुठलं मालवाहू आणि कुठलं टँकर हे बाबा शेजारच्या अनोळखी माणसालाही समजावून सांगत होते. येताना ट्रेन. तुमच्या बाबांना विचारून बघा, वेळेपेक्षा ते जास्त महत्त्वाचं.

मिल्टन कीन्सहून
स्वस्त तिकीट दिसलं तर विमानतळाचं पूर्ण नाव वाचा. पॅरिस-बोव्हे शहरापासून ८० किमीहून लांब आहे, पुढे बसने सव्वा तास. ज्येष्ठांसोबत नकोच.

पॅरिसहून
विमान की ट्रेन नंतर ठरवा, आधी शेंगेन व्हिसा! ब्रिटनच्या व्हिसावर इथे येता येत नाही, आणि पाहुणे म्हणून आलेल्यांनी तो सहसा राहत्या देशातूनच काढायचा असतो. म्हणजे पुण्यातून निघण्यापूर्वीच. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटोची नवी नोंदणी सुरू झालीय. पहिल्या वेळी त्यासाठी जास्तीचा वेळ हाताशी ठेवा, विमान असो वा ट्रेन.