फोनलाच कार्ड टेकवून पैसे: छोट्या धंद्याला परवडतं का?

पैठणीवाली
मी प्रदर्शनांत स्टॉल लावते. पूर्वी कार्डमशीनचं महिन्याचं भाडं भरायचे, वर ऐन गर्दीत कागदाचा रोल संपायचा. आता एनएफसीवाल्या (जवळ टेकवलेलं कार्ड वाचणाऱ्या) फोनवर बँकेचं ॲप आहे. रक्कम टाकायची, गिऱ्हाईक कार्ड टेकवतं, झालं. ५,००० पर्यंत पिन लागत नाही (२०२१ च्या आधी ही मर्यादा २,००० होती). १२,००० च्या साडीवर मला २ टक्के, म्हणजे २४० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे २८३ रुपये २० पैसे जातात. जाऊ देत! ‘नंतर येते’ म्हणून गेलेली बाई परत आल्याचं मला तरी आठवत नाही. छोट्या विक्रेत्यांनी हे घ्यावंच.

वाणसामान
ताई, तुमच्या साडीत सुटतात. मला तेल-साखरेत शेकडा तीन मिळतात. १,५०० च्या किराण्यामागे ४५ रुपये, त्यातले ३० कार्डवाल्यांना दिले तर दुकान कुणासाठी उघडायचं? जानेवारी २०२० पासून यूपीआयवर शुल्क नाही. स्कॅन करा नि सामान न्या.

पैठणीवाली
यूपीआयला खात्यात पैसे लागतात हो. महिनाअखेरीला तुम्हीही उधारीची वही उघडताच ना? वहीतली उधारी बुडते, कार्डाचे पैसे बँक देते.

वाणसामान
देते आणि परतही मागते! गिऱ्हाईकानं व्यवहार नाकारला की पावत्या शोधत बसा. वहीतला माणूस निदान समोरच्या गल्लीत राहतो.

खिशातलंकार्ड
शुल्काचं तुमचं तुम्ही बघा. मी गिऱ्हाईक. १२,००० ची साडी म्हणजे पिन आलाच, आणि तो अनोळखी माणसाच्या फोनवर टाकायचा? मी नाही टाकणार.

उगाच_एक
पिन कूटबद्ध होऊन जातो, दुकानदाराला दिसत नाही. फोनच्या सिस्टिममध्ये छेडछाड असेल तर ॲप चालायलाच नकार देतं. प्लास्टिकच्या मशीनवर डोळे झाकून विश्वास ठेवता ते चालतं?

खिशातलंकार्ड
समोरचं ॲप खरंच बँकेचं आहे हे मला कसं कळावं? पिनचा चौकोन कुणीही काढेल. मशीनची नक्कल करायला निदान मशीन तरी बनवावं लागतं.

पैठणीवाली
हे मात्र पटलं. दोन-तीन बायका माझ्याकडेही पिनपाशी थबकल्यात. त्यांना मी पेमेंट लिंक पाठवते, ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो. शुल्क तेवढंच, पण हॉलमध्ये रेंज नसली की सगळेच लटकतो.

उगाच_एक
@वाणसामान, रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. तुमच्याच क्यूआरवर चालतं, आणि छोट्या दुकानदाराला २,००० पर्यंत शुल्क नाही.

वाणसामान
ते घेतो की. बाकीची कार्डं ताईंच्या स्टॉलवर पाठवतो.